सॉफ्टवेअरकडून डेटाकडे : व्यवसायांतराविषयी चार शब्द

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तरुण मंडळींच्या उद्योगधंद्याविषयी आम्ही या मेळाव्यात चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी केली तेव्हा प्रथम आम्हांस संकोच वाटला. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. त्यावर शिक्षकी पेशास लागणारी पदविका घेतली आणि सारा जन्म सोलापूर जिल्ह्यातील खेड्यांत मुलांस बाराखडी व पाढे शिकविण्यात घालविला. संगणकाच्या धंद्याविषयी आमच्यासारख्याने बोलावे म्हणजे अंधाने चित्राचे गुणदोष सांगावेत, असे कोणी म्हणेल. तथापि गेल्या चार वर्षांत आमच्या घरी जे घडले त्याने आमचा एक जुना ग्रह दूर झाला, आणि आपल्या समाजातील अनेक कुटुंबांत आज हाच प्रश्न उभा असल्यामुळे तो अनुभव आपणांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव २०१२ साली अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्यास नोकरीस लागले. हुद्दा सॉफ्टवेअर इंजिनिअरचा. वेतन उत्तम, कर्ज काढून घर घेतलेले, लग्न झालेले, पदरी एक कन्या. सर्व काही यथास्थित चालले असता २०२२ सालच्या दिवाळीत त्याने घरातील वडीलधाऱ्यांपुढे सांगितले की, ‘हे काम सोडून मी डेटा इंजिनिअरिंगकडे वळणार आहे.’ आमच्या भावजयींच्या डोळ्यांत पाणी आले. बंधू गप्प बसले. आम्ही मात्र घरातील वडील या नात्याने त्यास चांगलेच खडसावले. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, दहा वर्षे केलेल्या कामावर पाणी सोडणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे, असे आम्ही बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘काका, मी धंदा सोडीत नाही. आजोबांनी दुकानात जे केले तेच मी करतो आहे.’

त्या एका वाक्याने आम्हांस रात्रभर झोप आली नाही.

आपण सर्व शिंपी समाजाची मंडळी. सुई, दोरा, कात्री आणि गज यांवर आपल्या पूर्वजांनी संसार केले. आमच्या वडिलांचे बार्शीस छोटे दुकान होते. गिऱ्हाइकाचे माप घ्यावे, कापड बेतावे, शिवावे, काजबटण करून द्यावे, हा त्यांचा नित्यक्रम. पुढे तयार कपड्यांचा प्रसार झाला आणि गिऱ्हाईक रोडावले. आम्ही हायस्कुलात असताना, म्हणजे १९७३ च्या सुमारास, वडिलांनी मनाशी एक निश्चय केला. त्यांनी शाळांत जाऊन वर्गवार मुलांची मापे लिहून घेतली, २२, २४, २६ अशा नंबरांची यादी केली, आणि कोणत्या नंबरचे किती गणवेश लागतील याचा हिशेब मांडून जूनपूर्वीच ते शिवून ठेवले. तेव्हा आमचे एक आप्त म्हणाले होते, ‘शिंपी असून गिऱ्हाइकाच्या अंगाचे माप घेत नाही, हा कसला शिंपी?’ तो टोमणा आम्ही आमच्या कानांनी ऐकला होता आणि वडिलांचा उतरलेला चेहरा आमच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्याच वहीतल्या हिशेबावर आमचे शिक्षण झाले. असे असूनही पन्नास वर्षांनंतर त्या आप्तांचेच शब्द आमच्या तोंडून निघाले, याची आम्हांस लाज वाटली. मग आम्ही ठरविले की, हा विषय समजून घेतल्यावाचून मत देणे नाही.

आता हे दोन व्यवसाय म्हणजे काय, ते आम्हांस जसे उमगले तसे सांगतो. आपण घरबसल्या एस.टी.चे तिकीट काढतो, विजेचे बिल भरतो. ज्या पडद्यावर आपण बोट ठेवतो तो पडदा आणि त्यामागे चालणारी आज्ञावली रचणारा तो सॉफ्टवेअर इंजिनिअर. परंतु आपण तिकीट काढले की त्याची नोंद कोठेतरी उमटते. पैसे भरले त्याची नोंद दुसरीकडे, तिकीट रद्द केले त्याची तिसरीकडे. अशा कोट्यवधी नोंदी निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या स्वरूपांत पडलेल्या असतात. यांसच डेटा म्हणतात. परिभाषेत ‘विदा’ असाही शब्द आहे. या नोंदी रोज गोळा करावयाच्या, त्यांतील खडे निवडावयाचे, पाखडून स्वच्छ करावयाच्या आणि ज्यास ज्या हव्या त्यास त्या वेळेवर मिळतील अशा रीतीने कोठारात भरून ठेवावयाच्या, हे डेटा इंजिनिअरचे काम होय. त्या कोठारास डेटा वेअरहाउस म्हणतात आणि तेथवर नोंदी वाहून नेणाऱ्या व्यवस्थेस पाइपलाइन. कोठारातील नोंदींवरून निष्कर्ष काढणारे विश्लेषक आणि भाकिते करणारे डेटा सायंटिस्ट हे वेगळे. धान्य निवडून कोठीत भरणारा एक आणि त्याची भाकरी करणारा दुसरा, असा हा भेद आहे.

हे शास्त्र कालपरवाचे आहे असा आमचा समज होता. तोही चुकीचा ठरला. माहिती ओळी व रकाने यांच्या तक्त्यांत मांडावी आणि तक्त्यांचे परस्परसंबंध गणिती नियमांनी बांधावेत, हा सिद्धान्त एडगर कॉड यांनी अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीत काम करीत असता १९७० साली प्रसिद्ध केला. त्या तक्त्यांस प्रश्न विचारण्याची भाषा, जीस आज एसक्यूएल म्हणतात, ती त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ च्या सुमारास सिद्ध केली. नोंदींचे कोठार कसे बांधावे यावर विल्यम इनमन यांचा ग्रंथ १९९२ साली आणि राल्फ किंबॉल यांचा १९९६ साली आला. पुढे नोंदी इतक्या वाढल्या की एका यंत्रात मावेनात. तेव्हा अनेक यंत्रांवर काम वाटून देणारी हडूप नावाची प्रणाली २००६ साली पुढे आली. हे नाव तिच्या एका जनकाने आपल्या मुलाच्या खेळण्यातील हत्तीवरून ठेवले, हे ऐकून आमच्यातील प्राथमिक शिक्षकास आनंद झाला. पुढे स्पार्क आले. त्याचा आरंभ २००९ साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात झाला. कोणते काम कोणत्या कामानंतर व्हावे याचे वेळापत्रक राखणारे एअरफ्लो २०१४ साली एका कंपनीच्या अंतर्गत गरजेतून जन्मास आले. या इतिहासाचे तात्पर्य तरुणांनी ध्यानात घ्यावे. अवजारे दर पाच-दहा वर्षांनी बदलली, परंतु तक्ता आणि त्यास विचारावयाचा प्रश्न हे मूळ अर्धशतकाहून अधिक काळ टिकून आहे. यास्तव ज्यास या मार्गाने जावयाचे आहे त्याने नव्या नावांस भुलून न जाता प्रथम मूळ पक्के करावे.

चिरंजीवांचे पूर्वीचे ज्ञान वाया गेले काय? मुळीच नाही. आज्ञावली लिहिण्याची सवय, लिहिलेले तपासून पाहण्याची शिस्त, दोष शोधण्याची चिकाटी, चौघांबरोबर एकाच कामावर हात चालविण्याची रीत, ही शिदोरी जशीच्या तशी उपयोगी पडली. पायथॉन भाषा त्यास अवगत होतीच. जे नवे शिकावे लागले ते मात्र थोडे नव्हते. एसक्यूएल आपणांस येते असे त्यास वाटत होते. पहिल्याच मुलाखतीत तो भ्रम नाहीसा झाला. त्यास विंडो फंक्शनविषयी विचारले गेले. म्हणजे असे की, वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याची ओळ कायम ठेवून तिच्या शेजारीच त्याचा वर्गातील अनुक्रमांक मांडावयाचा. त्यास उत्तर देता आले नाही. दुसरी मुलाखत गेली, तिसरीही गेली. चौतीस वर्षांचा, दहा वर्षांच्या अनुभवाचा मनुष्य नवशिक्यासारखा परत येतो, तेव्हा त्याच्या मनाची काय अवस्था होते ते आम्ही जवळून पाहिले आहे.

त्यानंतर तो पहाटे पाच ते सात अभ्यास करू लागला. हा क्रम चौदा महिने चालला. नोंदींचे तक्ते कसे रचावेत हे तो शिकत असता आम्हांस आमच्याच शाळेचे दप्तर आठवले. हजेरीपट रोज भरावा लागतो. जनरल रजिस्टरात मात्र मुलाचे नाव, जात, जन्मतारीख एकदाच लिहिली जाते. हजेरीपटावर दररोज सारी कुळकथा कोणी लिहीत नाही. घडणाऱ्या गोष्टींचा तक्ता निराळा आणि ओळखीचा तक्ता निराळा, हेच म्हणे किंबॉल यांच्या पद्धतीचे मर्म. दुसरी एक गोष्ट त्याने सांगितली. रात्री चाललेले काम मध्येच बंद पडले तर ते पुन्हा चालवावे लागते. परंतु पुन्हा चालविल्याने एकच नोंद दोनदा होता कामा नये. आम्ही म्हणालो, ‘बरोबर आहे. विसरभोळ्या मास्तराने दोनदा हजेरी घेतली म्हणून वर्गातील पोरे दुप्पट होत नाहीत!’ त्या दिवशी आम्ही दोघे पुष्कळ दिवसांनी एकत्र हसलो.

परंतु सर्वांत मोठा फरक स्वभावाचा आहे. सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली तर बटण चालत नाही आणि गिऱ्हाईक ओरडते. नोंदीतली चूक ओरडत नाही. ती गुपचूप कोठारात जाऊन बसते आणि तिच्यावरून वरिष्ठ मंडळी निर्णय घेऊन मोकळी होतात. म्हणून या कामास संशयी वृत्ती आणि प्रामाणिकपणा, दोन्ही लागतात. याचा प्रत्यय आम्हांस अगदी घरच्या घरी आला.

सरावासाठी त्यास खरीखुरी माहिती हवी होती. आपल्या संस्थेने वेळोवेळी केलेल्या कुटुंबगणनेच्या चार वह्या कार्यकारी मंडळाच्या परवानगीने त्यास मिळाल्या. त्याने प्रथम दूरध्वनी क्रमांक व घरांचे पत्ते झाकून टाकले. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा आपल्या देशात २०२३ साली झाला आहे. परंतु कायदा नसता तरी दुसऱ्याच्या घरची माहिती जपणे हा सभ्यतेचा भाग आहे, असे तो म्हणाला. मग तो वह्या जुळवू लागला. एकच गृहस्थ एका वहीत गणपत, दुसरीत गणपतराव, तिसरीत जी. एन.! विवाहित भगिनी माहेरच्या पानावर एका नावाने, सासरच्या पानावर दुसऱ्या. ही दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत हे माणसास कळते, यंत्रास शिकवावे लागते.

एके संध्याकाळी तो गोंधळून आमच्याकडे आला. म्हणाला, ‘काका, पानागणिक जन्मतारीख १ जून दिसते आहे. वह्या उतरविताना माझी काही चूक झाली असावी.’ आम्ही थोडा वेळ काही बोललो नाही. मग त्यास सांगितले, ‘तुझी चूक नाही. ती चूक आमची आहे.’ सभागृहातील वयस्क मंडळी हसत आहेत, कारण त्यांपैकी पुष्कळांचा वाढदिवस कागदोपत्री १ जूनचाच आहे. आम्ही १९८० साली नोकरीस लागलो तेव्हा खेड्यातील बहुतेक मुलांच्या जन्माचा दाखला नसे. आई सांगे, ‘दुष्काळानंतर दोन वर्षांनी, पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला.’ शाळा जूनमध्ये सुरू होई. प्रवेशासाठी वय भरले पाहिजे. मास्तर १ जून लिहून मोकळा होई. पोळा श्रावणात येतो हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. परंतु आम्ही १ जून लिहिले, आणि त्या एका ओळीवरून पुढे त्या मुलाची नोकरी, निवृत्ती व विमा ठरला.

पुढे २०२४ च्या आरंभी त्यास डेटा इंजिनिअरचे काम मिळाले. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. काम विम्याच्या नोंदींचे होते. तेथे त्यास पुन्हा १ जूनच्या तारखांचा ढीग दिसला. सोबत्यांचे मत पडले की, हा यंत्राचा दोष असून त्या तारखा पुसून टाकाव्यात. चिरंजीवाने सांगितले की, या तारखा शाळेच्या दाखल्यांवरून आलेल्या असतात आणि असा दाखला जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालतो, म्हणून त्या पुसणे योग्य नाही. मात्र त्या अंदाजाच्या असण्याचा संभव आहे अशी खूण शेजारच्या रकान्यात करावी. ती सूचना मान्य झाली. हे त्याने आम्हांस दूरध्वनीवरून सांगितले तेव्हा आमच्या मनात आले की, चाळीस वर्षांपूर्वी आम्ही बेपर्वाईने लिहिलेली तारीख आमच्याच घरातील मुलाने जपून, तिची खरी किंमत लिहून, पुढे पाठविली. यापरते समाधान कोणते?

आता चार गोष्टी सावधगिरीच्या. हे काम सर्वांस मानवेल असे नाही. ज्यास आपले काम लोकांच्या डोळ्यांस दिसावे अशी हौस आहे, त्याने या वाटेस जाऊ नये. अस्तर कितीही सुबक असले तरी मिरविली जाते ती वरची बाजू. रात्री तीन वाजता पाइपलाइन बंद पडली की उठावे लागते. आरंभी हुद्दा एक पायरी खाली येण्याची तयारी ठेवावी लागते. चिरंजीवाने नोकरी सोडून अभ्यास केला नाही. आपल्या जुन्याच कचेरीत कोणासही नको असलेले अहवालांचे काम मागून घेतले, त्यातून हात बसविला आणि मग पाऊल उचलले. हाच मार्ग आम्हांस सुरक्षित वाटतो. खात्रीची नोकरी देतो असे सांगून मोठी रक्कम आगाऊ मागणाऱ्या शिकवण्यांपासून दूर राहावे. तसेच २०२२ च्या अखेरीपासून आज्ञावली लिहून देणारी कृत्रिम बुद्धीची साधने सर्वत्र झाली आहेत. त्यामुळे दोन्ही व्यवसायांचे स्वरूप पालटत आहे आणि पुढील दहा वर्षांची हमी कोणीही देऊ शकत नाही. तथापि १ जूनचा अर्थ काय, हे विचारण्याची बुद्धी ज्याच्यापाशी आहे त्यास काम राहील, असा आमचा विश्वास आहे.

शेवटी ज्ञातिसंस्थेस एक नम्र सूचना. आपला शिक्षणनिधी पदवीच्या विद्यार्थ्यांपुरता आहे. तो नियम केला गेला तेव्हा तो योग्यच होता, कारण तेव्हा मनुष्य एकदा शिके आणि जन्मभर तेच काम करी. आज तिशी-पस्तिशीच्या गृहस्थास पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. मुलाबाळांसाठी नोकरी सोडलेल्या आपल्या सुना-लेकींस पुन्हा उभे राहावयाचे असते. अशांस शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज द्यावे आणि वयाची अट काढून टाकावी, असा ठराव कार्यकारी मंडळाने विचारात घ्यावा. या कामी आरंभ म्हणून आमच्या निवृत्तिवेतनातून रु. ११,००० आम्ही आजच खजिनदारांच्या स्वाधीन करीत आहोत. रक्कम लहान आहे, परंतु वडिलांच्या मापाच्या वहीचे आमच्यावर जे ऋण आहे त्याची ती अल्पशी फेड आहे.

आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांस हात जोडून एकच विनंती. आपला मुलगा वा मुलगी कामाची दिशा बदलू म्हणेल तेव्हा प्रथम त्याचे ऐकून घ्या. त्याने विचार किती केला आहे, घरखर्चाची तजवीज काय, शिकण्याचा क्रम कसा ठरविला आहे, हे अवश्य विचारा. उत्तरे समाधानकारक नसतील तर तसे स्पष्ट सांगा. परंतु ‘हा कसला शिंपी’ असे म्हणू नका. तो टोमणा आम्ही एकदा ऐकला आणि एकदा दिला. दोन्ही वेळी तो चुकीचा होता.